पेटीतली म्हातारी

"या गं या माझ्या लेकी, दिस गेला माळाआड,
तुमच्याबिगर लागंना माझ्या वाघुरीचं कवाड…"

हा आवाज रुपालीनं पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तिच्या हातावरची मेंदी अजून लाल होती. लग्नाला तिसरा दिवस. दौंडात रुळांच्या कडेला वाढलेली पोर ती, तिला वाटलं सासूबाई माहेरी आलेल्या लेकींना हाका मारतायत. पण संपतनं तर सांगितलं होतं, मला बहीण नाही. उंबऱ्यात येऊन बघते तो माळावरून धूळ उडवत अठरा मेंढ्या येत होत्या आणि अनसाबाई जाळीच्या वाघुरीचं तोंड धरून उभी होती. एकेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत घेत होती. शेवटची आत गेली तशी ती नव्या सुनेकडं वळून म्हणाली, "ह्या तुझ्या नणंदा. मान राखत जा."

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. अनसाबाईला जाऊन दीड वर्ष. अठरा मेंढ्यांच्या चार राहिल्या, शेतीला पाणी आलं, ऊस आला, कांदा आला, न्हावऱ्याजवळच्या त्या वस्तीवर आता मेंढरांपेक्षा मोटारसायकली जास्त झाल्या. पण त्या चार मेंढ्या अजून त्याच हाकेवर घरी येत होत्या. फरक एवढाच की हाक आता मोबाइलमधून येत होती.

ती हाक संपतनं भरून ठेवली होती, सहज, थट्टेनं. आई वाघुरीपाशी उभी राहून साद घालत होती आणि हा मागून मोबाइल धरून. शेवटी तिच्या ध्यानात आलं. म्हणून त्या हाकेच्या शेपटाला अनसाबाईचं हसू होतं आणि एक वाक्य होतं, "बंद कर की मेल्या, मेंढरं हासत्याली." पुढं संपतला रांजणगावच्या कंपनीत काम लागलं, त्यानं नवा मोबाइल घेतला आणि जुना बापाला दिला. हाक जुन्यातच राहिली.

मल्हारीआबांना वाचता येत नव्हतं. पण खालच्या ओळीत, डाव्या अंगाला लाल ठिपका, तिथं अंगठा टेकवला की अनसाबाई बोलते, एवढं त्यांना ठाऊक होतं. रोज दिवस कलताना ते मोबाइल डोक्यावर धरून वाघुरीच्या तोंडाशी उभे राहात. मेंढ्या आत जात. जाळी बांधून व्हायची. तरी आबा हलत नसत. ते हसू आणि ते वाक्य होऊन जाईपर्यंत तसेच उभे असत. कुणी विचारलं तर म्हणत, "जनावरासाठी हाय बाबा. जनावराला सवय लागली."

आणि त्या चैत्रात आवाज फाटायला लागला. "या गं या" म्हणताना खरखर व्हायची, "लेकी" हा शब्द तर निम्मा गळूनच पडायचा. कपाळावर पांढरा टिळा असलेली म्हातारी मेंढी, चांदी, अर्ध्या वाटेत थांबून कान हलवायची.

"तुझ्या सासूला खोकला झालाय," आबा रुपालीला म्हणाले. "औशिद करावं लागंल."

न्हावऱ्याच्या स्टँडसमोर सम्राटचं दुकान होतं. पस्तिशीचा, बोलका गडी. त्यानं दारावरच पाटी लावली होती : मोबाइल देण्याआधी आपले फोटो, व्हिडिओ, कार्ड काढून घ्या, लॉक कुणाला सांगू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो तोंडानं सांगे. आबांनाही त्यानं सांगितलं. स्पीकर बदलावा लागेल, तो शिरूरवरून मागवायचा, म्हणजे मोबाइल दोन दिवस इथं राहणार, तेव्हा घरी नेऊन आधी सगळं काढून घ्या आणि उद्या आणा.

"आबा, मोबाइल म्हंजी घरची पेटी," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हाती देताना आपलं काय ते काढून घ्यावं."

"आमच्या पेटीत काय आसणार? येक म्हातारी हाय फकस्त."

"मग म्हातारीला घरी ठिवून पेटी आणा."

दोघं हसले. आबांनी घरी येऊन ही गंमत सुनेला सांगितली आणि वर म्हणाले, तुला कळतंय त्यातलं, तूच काय ते काढून ठेव.

रुपाली हसली नाही. पेटीत म्हातारीशिवाय आणखीही काही होतं आणि ते फक्त तिला ठाऊक होतं.

स्वराज तीन महिन्यांचा असताना तिच्या उजव्या छातीत गाठ धरली होती. ताप, ठणका, अंगाला पदर लागू देईना. संपतची रात्रपाळी, घरात सासू नाही, सासऱ्यापुढं डोईवरचा पदर कधी ढळला नाही तिथं हे सांगणार कुणाला? दौंडच्या एका दवाखान्यात भाग्यश्री सिस्टर होत्या, माहेरच्या ओळखीच्या. त्या फोनवर म्हणाल्या, न बघता कसं सांगू, एक फोटो पाठव. घरी मोबाइल तो एकच. रुपालीनं मोरीचं दार लावून घेतलं आणि डोळे मिटून तीन फोटो काढले. सिस्टरांनी तासाभरात बोलावून घेतलं, डॉक्टरीणबाईंनी छोटीशी चीर दिली, आठ दिवसांत दूध पुन्हा सुरू झालं. फोटो तिनं त्याच दिवशी पुसले होते.

पण महिन्यापूर्वी गिरणीत दळणाला बसल्यावर शेजारच्या मालनबाईनं एक गोष्ट सांगितली होती. कुठल्याशा गावातल्या पोरीनं मोबाइल दुरुस्तीला टाकला, आणि तिचे फोटो चाळीस मोबाइलांत गेले. "पुसल्यालं सुदिक वर काढत्यात गं ती माणसं," मालनबाई म्हणाली होती. "हिरीतून घागर काढावी तसं." गाव कुठलं, पोर कुणाची, ते मालनबाईलाही माहीत नव्हतं. पण त्या दिवसापासून रुपालीच्या पोटात ती घागर अधूनमधून कडेला आपटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दूध घालायला डेअरीवर गेले. जाताना म्हणाले, आवरून ठेव, आलो की मोबाइल घेऊन जातो. स्वराज झोळीत झोपला होता. रुपालीनं आधी मोबाइलचं कार्ड काढलं. बाजारात टपरीवर कार्डात गाणी भरून मिळतात. आबांच्या कार्डात बिरोबाची गाणी होती, धनगरी ओव्या होत्या. वस्तीवर सगळ्यांचा हाच समज, की मोबाइलमध्ये जे वाजतं ते कार्डात असतं. कार्ड काढलं की मोबाइल मुका. रुपालीचाही तोच समज. तिनं नखाएवढं ते कार्ड हळदीकुंकवाच्या चिमटीसारखं अलगद धरलं, पदराच्या टोकाला बांधून त्यावर दोन गाठी मारल्या आणि मनातल्या मनात म्हणाली, आत्याबाई, दोन दिस माझ्या पदरात ऱ्हावा.

मग मोबाइलमध्ये आत आत जाऊन तिनं ती जागा शोधली. सगळा डेटा मिटवा. मोबाइलनं दोनदा विचारलं. हे परत मिळणार नाही, असंही लिहून आलं. ते वाचून तिला बरंच वाटलं. परत मिळू नये, हेच तर हवं होतं.

आबा आले. "म्हातारी ऱ्हायली न्हवं घरी?"

"व्हय आबा. पदरात बांधलीया."

"शानी गं माझी," म्हणून आबा पिशवीत मोबाइल टाकून गेले.

संध्याकाळी मेंढ्या आणायची वेळ झाली, तेव्हा रुपालीला वाटलं, आज मालनबाईच्या मोबाइलमध्ये कार्ड घालून हाक वाजवावी, आबांना बरं वाटेल. मालनबाईच्या ओट्यावर बसून तिनं कार्ड घातलं. बेचाळीस गाणी होती. तिनं एकेक लावून बघितलं. ढोल होते, झांजा होत्या, कुणाकुणाचे खडे आवाज होते. बेचाळिसावं संपलं. पुन्हा पहिलं सुरू झालं.

"काय हुडकतीस गं?" मालनबाईनं विचारलं.

"काय न्हाई," रुपाली म्हणाली. तिनं कार्ड काढून पुन्हा पदराला बांधलं.

जात्यातून पीठ गळून जावं आणि खाली पाटी ठेवायचीच राहून जावी, तसं झालं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? आबा, म्या सगळं पुसलं. का पुसलं? ह्या 'का'च्या पुढं तिला वाट दिसेना. सासऱ्याला सुनेनं सांगावी अशी ती गोष्टच नव्हती. ते दोन दिवस आबा खुशीत होते. अंगणात बसून स्वराजला सांगत, तुझी आजी दवाखान्यात गेलीया, घसा साफ करून येनार हाय. आणि चुलीपाशी बसलेली रुपाली भाकरी थापता थापता थांबायची. तव्यावरची करपायची.

तिसऱ्या दिवशी स्वराजला डोस द्यायचा होता, म्हणून तीही आबांबरोबर न्हावऱ्याला गेली. डोस झाला आणि ती दोघं दुकानात आली. सम्राटनं नवा स्पीकर दाखवला, जुना हातात दिला, मग आपल्याकडचं एक गाणं लावलं. आवाज असा खणखणीत, की समोरच्या वडापाववाल्यानं मान वळवून बघितलं.

"आता आमचीला लाव," आबा म्हणाले. त्यांनी मोबाइल स्वतःच्याच हातात घेतला. खालची ओळ, डावं अंग. अंगठा टेकवला. उघडला तो कॅमेरा. काचेत म्हातारीच्या जागी आबांचाच चेहरा दिसला, पांढऱ्या दाढीचे खुंट, उघडं तोंड.

त्यांनी पुन्हा टेकवला. पुन्हा तेच.

सम्राटनं मोबाइल घेतला, इकडंतिकडं बघितलं, आणि म्हणाला, "आबा, मोबाइल माझ्याकडं आला तवाच…"

तेवढ्यात त्याची नजर रुपालीकडं गेली. ती स्वराजला छातीशी धरून उभी होती. तिनं काही खूण केली नाही, मान हलवली नाही. नुसती उभी होती. पण काय झालं असेल ते सम्राटला त्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"तवाच काय?" आबांनी विचारलं.

"तवाच… धूळ लई व्हती स्पीकरमधी."

मग त्यानं अर्धा तास खटपट केली. ते नुसतं दाखवायला होतं, हे त्याला ठाऊक होतं आणि रुपालीलाही. शेवटी त्यानं मोबाइल काउंटरवर ठेवला. "न्हाई ऱ्हायलं आबा. चुकलं आसंल माझ्याकडून."

आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मोबाइल पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड आवळलं आणि म्हणाले, "तुला येकच म्हातारी संभाळाया दिली व्हती."

मग सुनेकडं वळून, जणू साक्षीदार म्हणून विचारलं, "तू दिला तवा सगळं ठीक व्हतं न्हवं?"

स्वराज रडायला लागला होता. रुपालीनं त्याला खांद्यावर टाकलं, त्याच्या पाठीवर थोपटलं, आणि त्या थोपटण्याच्या आडून म्हणाली, "व्हय."

एक शब्द. पण दळणात खडा यावा तसा तो पुढच्या प्रत्येक घासाला तिच्या दाताखाली आला.

आबा वस्तीचे कारभारी. बिरोबाच्या देवळात त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी सम्राटबद्दल फार काही सांगितलं नाही, डेअरीवर फक्त एवढं म्हणाले, की त्या माणसाच्या हाती काही देण्याजोगं न्हाई. तेवढं पुरलं. वस्तीवरची तीस घरं, त्यांचे पाव्हणे, शेजारच्या दोन वस्त्या. लोक मोबाइल घेऊन शिरूरला जायला लागले. मालनबाईनं तर गिरणीत नवी गोष्टच रचली, तो सम्राट म्हणे लोकांची गाणी, फोटो, सगळं आपल्याकडं साठवून घेतो. गिरणीतल्या बायकांनी माना डोलावल्या. रुपालीनं पिठाचा डबा उचलला आणि राहिलेले गहू तसेच टाकून घरी आली. आपल्या एका शब्दानं केवढी घागर भरली होती.

आणि रोज संध्याकाळी त्या चार मेंढ्या. आबा आता स्वतः हाक देत. पण आबांचं सगळं आयुष्य मेंढरांच्या पुढं चालण्यात गेलं होतं. वाघुरीशी उभं राहून घरी बोलावणं हे बाईचं काम. त्यांच्या आवाजानं मेंढ्या चालू लागायच्या, पण भलतीकडं, जणू नव्या माळावर निघाल्यात. मग ते काठी घेऊन वळवून आणत. जाळी बांधली की हात सवयीनं खिशात जाई, आणि तसाच रिकामा बाहेर येई.

एकदा आबा बाजारला गेलेले असताना रुपालीनं ती हाक स्वतः मारून बघितली. सहा वर्षं ऐकलेली, सूर न् सूर पाठ. ती वाघुरीच्या तोंडाशी उभी राहिली, डोळे मिटले आणि साद घातली. "या गं या माझ्या लेकी…" उघडून बघते तर चांदीनं मान वर केली होती. दोन पावलं पुढं आली. कान उभे करून थांबली, हुंगलं आणि खाली मान घालून पुन्हा चरायला लागली. रुपालीला वाटलं, आपण देवळातलं तांब्याचं भांडं उचलताना सापडलो.

पंधराएक दिवसांनी सम्राट वस्तीवर आला.

दिवस कलत आला होता. आबा बाहेर बाजेवर बसले होते. रुपाली गोठ्याच्या कडेला हंड्यात पाणी भरत होती. सम्राटनं मोटारसायकल बांधाशी उभी केली, ती तिच्यापासून हातभर अंतरावर. तिनं पदर पुढं ओढला. मग, त्याच्याकडं न बघता, हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, तुमाला समदं ठावं हाय न्हवं?"

सम्राटनं किल्ली काढली. "मोबाइल माझ्याकडं रिकामा आला, येवढं ठावं हाय, ताई. त्यात काय व्हतं, का पुसलं, ते मला ठावं न्हाई. ते ठावं नसावं, म्हणूनच तर दारावर पाटी लावलीया."

"मग आबांना सांगितलं का न्हाई?"

त्यानं किल्ली खिशात टाकली. "माझ्या हातनं झालं म्हणलं की लोकं दोन म्हयनं बोलत्यात. तुमच्या हातनं झालं म्हणलं आसतं, तर?" आणि तो पुढं गेला.

आबांनी त्याला बघितलं. ये म्हणाले नाहीत. बस म्हणाले नाहीत. वस्तीवर आलेला माणूस, मग तो वैरी का असेना, आधी त्याच्या हाती पाण्याचा तांब्या जातो, मग बोलणं सुरू होतं. आबांच्या बापानं ही रीत माळामाळावर पाळली होती, जिथं पाणी दोन कोसांवरून आणावं लागे तिथंही. आज आबांनी पाणी मागवलं नाही.

सम्राट उभ्या उभ्याच बोलला. गेले पंधरा दिवस तो विचारत फिरला होता. अनसाबाईंचा आवाज आणखी कुणाच्या मोबाइलमध्ये असेल का, लग्नाच्या व्हिडिओत कुठं असेल का. दौंडला जाऊन संपतच्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्यालाही तो भेटून आला होता. त्यात अनसाबाई तीन ठिकाणी दिसत होत्या. बोलत कुठंच नव्हत्या.

"न्हाई मिळालं आबा," तो म्हणाला. "तेवढंच सांगाया आलो. चूक झाली माझ्या हातनं."

माळाकडून चांदीच्या गळ्यातली घंटा वाजली. मेंढ्या बांधापर्यंत येऊन थांबल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं.

रुपाली घरात गेली. रांजणातून तांब्या भरला. बाहेर येताना आबांची नजर त्या तांब्यावर पडली.

"पानी कुनासाठी?" त्यांनी विचारलं. "ऱ्हाऊ दे ते आत."

उंबऱ्याच्या अलीकडं थांबणं सोपं होतं. ती पंधरा दिवस तिथंच थांबली होती. ती उंबरा उतरली, अंगण ओलांडलं, आबांच्या बाजेसमोरून गेली आणि तांब्या सम्राटच्या हातात दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, पण ओठाला लावला नाही.

मग ती सासऱ्याकडं वळली. डोईवरचा पदर नीट होता. नजर जमिनीवर होती, पण आवाज जमिनीवर पडला नाही.

"आबा, ह्यांना पानी पिऊ द्या. मोबाइल ह्यांच्याकडं गेला, तवा त्यात आत्याबाई नव्हत्याच. त्या दिशी तुमी दूध घालाया गेला व्हता. माझं येक झाकाया गेले मी, आन् माझ्याच हातानं आत्याबाईंना पुसून बसले."